घरातला वारा, घरातले पाणी आणि बरकत

मागच्या पावसाळ्यात आम्ही आमच्या खालाला भेटायला गेलो होतो. खाला आता मुलाकडे राहते. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. दारातून आत शिरले की समोर स्वयंपाकघर, आणि त्याच्या मोठ्या खिडकीतून थेट खाडीपर्यंत नजर जायची. त्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर भाळूनच खालाने हा फ्लॅट पसंत केला होता. या वेळी मात्र आत पाऊल टाकले आणि घर ओळखू येईना. खिडकी प्लायवूडने बंद केलेली, त्यावर मोठा आरसा लावलेला. दाराशी पितळी नळ्यांची किणकिणणारी घंटा टांगलेली. टीव्हीशेजारी काचेच्या भांड्यात लाल रिबीन बांधलेला बांबू. घरात फोडणीचा वास कोंडला होता आणि खाला आतल्या खोलीत उशांना टेकून धापा टाकत बसली होती. तिचा दमा जुना आहे, पण इतका वाढलेला आम्ही पूर्वी पाहिला नव्हता.

"खाला, खिडकी का बंद केली?" आम्ही विचारले.

"बेटा, दार आणि खिडकी समोरासमोर आली की बरकत सरळ बाहेर निघून जाते म्हणे. एका जाणकाराने सांगितलं. दुकान बसलंय ना आपलं."

मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "घरात नवीन माणूस आल्यापासून प्रवाह बिघडलाय, असंही तो म्हणाला."

घरात नवीन आलेले माणूस एकच होते. सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून. ती ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या थापत होती आणि हे सारे तिला ऐकू जात होते.

त्या दिवशी परत येताना आमच्या मनाला रुखरुख लागून राहिली. फेंगशुईच्या वस्तू आता आपल्या घरांत नवीन राहिलेल्या नाहीत. वास्तुशांतीला, दुकानाच्या उद्‌घाटनाला, लग्नाला कोणी ना कोणी त्या भेट म्हणून आणतो आणि आपण त्या शोकेसमध्ये ठेवून देतो. त्यात काय बिघडले, असे आम्हालाही वाटत असे. पण एखाद्या सल्ल्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा श्वास कोंडत असेल आणि एका निरपराध मुलीकडे बोट दाखवले जात असेल, तर तो सल्ला नेमका आला कुठून हे पाहायलाच हवे. म्हणून या लेखात आम्ही फेंगशुईची थोडी चौकशी केली आहे. त्यात घेण्यासारखे काय आहे आणि सोडण्यासारखे काय, हे वाचकांनी आमच्याबरोबर पाहावे.

वारा आणि पाणी

फेंगशुई हा चिनी शब्द. 'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. या विद्येचा जो जुना ग्रंथ मानला जातो, तो ग्वो पू या विद्वानाच्या नावावर आहे. त्याचा काळ इ. स. २७६ ते ३२४. आश्चर्य वाटेल, पण तो ग्रंथ घराविषयी नाही, थडग्यांविषयी आहे. पूर्वजांचे दफन चांगल्या जागी झाले तर वंशजांचे भले होते, अशी समजूत होती. जमिनीत 'छी' नावाची प्राणशक्ती वाहते, वाऱ्याने ती विखुरते आणि पाण्यापाशी ती थांबते, अशी त्यामागची कल्पना. म्हणून वाऱ्यापासून आडोसा असलेली आणि पाणी जवळ असलेली जागा उत्तम मानली गेली. तीच कसोटी पुढे गावाला आणि घराला लावण्यात आली.

छी ही कल्पना बाजूला ठेवली तरी उरलेली गोष्ट कोणाही शेतकऱ्याला पटावी अशी आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात वायव्येकडून हाडे गोठवणारा, धूळ घेऊन येणारा वारा सुटतो. साहजिकच तिथले जुने घर उत्तरेकडे पाठ करते आणि दक्षिणेकडे तोंड करते. बीजिंगची जुनी घरे पाहिली तर मध्ये चौकोनी अंगण, चारही बाजूंनी खोल्या आणि वडीलधाऱ्यांची मुख्य खोली उत्तरेच्या बाजूला, दक्षिणेचे ऊन घेणारी. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला खाली झुकलेला असतो, त्यामुळे त्याचे ऊन खोलीत दूरवर आत येते. दाराच्या आत एक आडवी भिंत असते. ती थंड वारा अडवते आणि रस्त्यावरच्या माणसाची नजरही अडवते.

दक्षिण चीनमध्ये आणि हाँगकाँगच्या जुन्या खेड्यांमध्ये गावाच्या पाठीशी टेकडी, टेकडीच्या उतारावर राखलेले दाट रान आणि गावासमोर तळे किंवा ओढा अशी रचना दिसते. या रानाला फेंगशुईचे रान म्हणतात. तिथली झाडे तोडायची नाहीत असा दंडक असे. त्या झाडांनी उताराची माती धरून ठेवली, पावसाचे पाणी जिरवले, वादळी वारा अडवला. आजूबाजूचे जंगल गेले तरी ही राने टिकली, आणि आज वनस्पतींचे अभ्यासक ती आवर्जून पाहायला जातात. आपल्या कोकणातल्या देवराया आठवाव्यात अशीच ही गोष्ट आहे.

शीआनच्या मशिदीने काय केले

याच चीनमध्ये शेकडो वर्षांपासून मुसलमान राहतात. त्यांतल्या एका समाजाला हुई म्हणतात. आजूबाजूचे सारे शहर फेंगशुईच्या नियमांनी बांधलेले असताना त्यांनी आपली इबादतगाह कशी बांधली असेल?

याचे उत्तर शीआन शहरातल्या मोठ्या मशिदीत मिळते. तिच्या आजच्या इमारतींची उभारणी मिंग राजवटीत, १३९२ च्या सुमारास झाली आणि पुढच्या काळात त्यात भर पडत गेली. तिला घुमट नाही. निमुळते गगनचुंबी मिनारही नाहीत. एकामागून एक अंगणे आहेत, झाडे आहेत, लाकडी कमानी आहेत, निळसर हिरव्या कौलांची छपरे आहेत आणि मिनाराच्या जागी अनेक छपरांचा एक चिनी मनोरा आहे. प्रवेशाजवळ तीच आडवी भिंत आहे, जी चिनी वाड्यात असते. शांत अंगणांमधून चालत जाताना रस्त्यावरचा गलबला मागे पडतो आणि नमाजच्या दालनापर्यंत पोचेपर्यंत मन निवते. चिनी घरबांधणीत जे जे चांगले होते, ते सारे या लोकांनी आनंदाने घेतले.

एक गोष्ट मात्र त्यांनी बदलली. चीनमधली मंदिरे आणि राजवाडे साधारणपणे उत्तर-दक्षिण रेषेवर, दक्षिणेला तोंड करून उभे असतात. ही मशीद पूर्व-पश्चिम रेषेवर आहे. माणूस पूर्वेकडून आत येतो आणि पश्चिमेकडे चालत जातो, कारण चीनमधून काबा पश्चिमेला आहे. दफनाचेही तसेच. ज्या देशात थडग्याची शुभ जागा शोधण्यासाठी श्रीमंत घराणी जाणकार नेमत, तिथे मुसलमानाची मय्यत साध्या कफनात, वेळ न दवडता, किब्ल्याकडे तोंड करून दफन केली जाते.

आम्हाला वाटते, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. त्यांनी शेजाऱ्यांची विद्या तुच्छ मानून टाकून दिली नाही आणि डोळे मिटून स्वीकारलीही नाही. अंगण, सावली, आडोसा, झाडे हे सारे घेतले. भीती आणि भविष्य सोडून दिले.

याहून जुना असा आणखी एक दुवा आहे. चुंबकाची सुई दक्षिणोत्तर थांबते हे चिनी लोकांनी फार पूर्वी ओळखले होते. १०८८ च्या सुमारास शेन ख्वो या चिनी विद्वानाने, असे जाणकार लोक सुई चुंबकदगडावर घासून तिला दिशा दाखवायला लावतात, याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे हीच सुई खलाशांच्या हाती आली. तेराव्या शतकाच्या अखेरीस येमेनचा सुलतान अल-अशरफ याने पाण्यात तरंगणाऱ्या सुईचा उपयोग किब्ला शोधण्यासाठी कसा करावा, हे लिहिले. प्रवासाच्या पिशवीत आपण किब्ल्यासाठी जे छोटे होकायंत्र ठेवतो, त्यातली सुई तीच. सुईमुळे कोणाचे नशीब उघडत नाही. ती दिशा दाखवते आणि तेवढे काम चोख करते.

तिकडचा नियम, इकडचे ऊन

आता आपल्याकडे येऊ. फेंगशुईची जी पुस्तके आणि तक्ते बाजारात मिळतात, त्यांत दिशा जशाच्या तशा दिलेल्या असतात. पण बीजिंग आहे चाळीस अंश उत्तरेला आणि शीआन चौतीस अंशांवर. मुंबई एकोणीस अंशांवर, रत्नागिरी सतरा अंशांवर. चीनच्या त्या भागात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. आपल्याकडे तो मुंबईत मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस अगदी डोक्यावर येतो आणि मधल्या काळात दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. तिथे शत्रू म्हणजे वायव्येचा गार वारा. इथे शत्रू म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या भिंतीवर तापणारे दुपारचे ऊन, आणि जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून येणारी पावसाची झड.

आपल्या आजी-आजोबांना हे ठाऊक होते. कोकणातल्या घराला पुढे पडवी, मागे पडवी आणि खोल उतरती वळचण ती उगाच नव्हे. पाऊस लागण्याआधी झडीच्या बाजूला नारळीच्या झापांचा आडोसा केला जाई. मोरीचे पाणी केळीच्या बुंध्याशी सोडले जाई. याला कोणी मोठे नाव दिले नव्हते, पण वारा आणि पाणी यांचा विचार यात पुरेपूर होता.

खालाच्या खिडकीकडे या नजरेने पाहा. दार आणि खिडकी एका रेषेत आली तर छी थांबत नाही, भर्रकन निघून जाते, हा फेंगशुईचा जुना नियम आहे हे खरे. ज्या प्रदेशात हिवाळ्याचा गोठवणारा वारा घरातून आरपार जाऊन शेगडीची ऊब घेऊन जातो, तिथे तो नियम शहाणपणाचा आहे. खाडीकाठच्या दमट गावात मात्र हाच आरपार वारा घराचा जीव असतो. तो स्वयंपाकाची वाफ आणि धूर बाहेर नेतो, भिंतींची ओल सुकवतो. तो बंद केला की ओल धरते, बुरशी येते, आणि दम्याच्या माणसाला बुरशी किती बाधते हे कोणताही डॉक्टर सांगेल. म्हणजे नियम खोटा नव्हता, तो दुसऱ्या गावचा होता. ज्याने तो सांगितला, त्याने त्यामागचे कारण विचारलेच नव्हते.

भाग्याचा बाजार

टेबलावरच्या वस्तूंचेही थोडे ऐका. जुन्या फेंगशुईचा सारा भर जागा निवडण्यावर होता. आज मात्र तिच्या नावाने वस्तू विकल्या जातात. ज्याला आपण भाग्याचा बांबू म्हणतो तो मुळात बांबू नाही. ती ड्रॅसिना जातीची वनस्पती असून तिचे मूळ घर मध्य आफ्रिकेत, कॅमेरूनकडे आहे. पैशाचा वेल म्हणून ओळखला जाणारा मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या मोरिया बेटावरचा. त्याची पाने चावली तर तोंडात आग होते, म्हणून रांगत्या मुलाच्या हाताला तो लागू देऊ नये. हसऱ्या बुद्धाची मूर्ती म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत. दहाव्या शतकातल्या पूताई नावाच्या एका चिनी भिक्खूची ती प्रतिमा असल्याचे सांगतात.

या बांबूची एक खरी हकीकत आहे. २००१ साली दक्षिण चीनमधून पाण्यात ठेवलेल्या या रोपांचे खोके समुद्रमार्गे अमेरिकेत कॅलिफोर्नियाला पोचले, तेव्हा त्यांतून वाघ्या डास बाहेर पडले. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांपैकी ही एक जात. भाग्य म्हणून मागवलेल्या पाण्यात डासांची पिले वाढत होती. आपल्या शोकेसमधल्या भांड्याचे पाणीही आठवडाभर तसेच राहिले तर त्यात तेच होऊ शकते.

वस्तूंपेक्षा मोठे नुकसान भीतीचे आहे. एकदा मनात बसले की घराची दिशा चुकली आहे, तर पडलेला प्रत्येक कप आणि बुडालेला प्रत्येक रुपया त्याच चुकीच्या खात्यात जमा होऊ लागतो. मग दोष भिंतीवरून माणसावर यायला वेळ लागत नाही, आणि त्यातही घरात सर्वांत नवी, सर्वांत कमी बोलणारी जी असेल तिच्यावर तो आधी येतो. रसूलुल्लाह (स.) यांनी शकुन-अपशकुन मानायला मनाई केली, ती याच मुळावर घाव घालणारी आहे. अरबस्तानात लोक पक्षी कोणत्या बाजूला उडाला यावरून प्रवासाला निघायचे की नाही हे ठरवत. ती बेडी त्यांनी तोडली. नफा-नुकसान अल्लाहच्या हाती आहे, आणि माणसाने आपला उंट आधी नीट बांधून मग भरवसा ठेवावा, ही त्यांची शिकवण.

इथे एक गोष्ट आपल्यालाही सांगायला हवी. चिनी घंटेला हसणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांच्या दारावर घोड्याची नाल आहे आणि गाडीला लिंबू-मिरची. वस्तू कोणत्या देशातून आली हा प्रश्नच नाही. ती वस्तू आपल्याला घाबरवते का, हा प्रश्न आहे.

आपल्या घरात काय करता येईल

कोणीही घराविषयी सल्ला दिला की आम्ही आता एकच विचारतो: याने ऊन, वारा, पाणी किंवा माणसांचा वावर यांत काय फरक पडेल? उत्तर मिळाले तर सल्ला करून पाहतो. 'तसे असते' एवढेच उत्तर मिळाले तर चहा पाजून विषय बदलतो. या चाळणीतून जे उरले ते असे.

दार. फेंगशुई म्हणते, मुख्य दार मोकळे आणि उजळ असावे. अगदी खरे. दारामागे चपलांचा ढीग, जुन्या छत्र्या आणि रद्दी असेल तर दार पुरते उघडत नाही. रात्री-अपरात्री रुग्णाला बाहेर काढायची वेळ आली की त्याची किंमत कळते. चपलांसाठी एक फळी करा, दाराशी चांगला दिवा लावा. वाटेतला अडथळा दूर करणे हे आपल्याकडे ईमानाचेच एक अंग मानले आहे, आणि घरातली वाटही वाटच असते. दार उघडताच आतली खोली दिसत असेल तर मध्ये पडदा किंवा जाळीचे कपाट ठेवा. नजर अडेल, वारा अडणार नाही.

खिडक्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या सकाळी तासभर आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर उघड्या ठेवा. डासांसाठी जाळी बसवा, पण खिडकी कायमची बंद करू नका. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक किंवा वाळ्याचा पडदा लावला तर दुपारचे ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडते. आतला जाड पडदा तेवढे काम करत नाही, कारण तोवर ऊन आत आलेले असते.

पलंग. पलंगाच्या डोक्याशी भक्कम भिंत असावी आणि पडल्या जागेवरून दार दिसावे, असे फेंगशुई सांगते. यात मनाला स्वस्थता आहे, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला. ज्या भिंतीला मागून ओल येते तिला मात्र पलंग टेकवू नका. वीतभर अंतर ठेवा, म्हणजे मागे हवा फिरेल आणि बुरशी वेळीच दिसेल. पलंगाखाली बोचकी कोंबू नका. गाद्या-गोधड्यांना उन्हे दाखवत राहा.

स्वयंपाकघर. चूल आणि पाणी शेजारी नको, असा चिनी नियम आहे. ते आग आणि पाण्याचे भांडण मानतात. आपण एवढेच पाहू की शेगडी आणि नळ यांत हातभर ओटा रिकामा असला तर गरम तेलात पाणी उडत नाही आणि कापाकापीला जागा मिळते. शेगडीच्या वर किंवा शेजारी धूर जायला वाट हवीच. रात्री भांडी झाकणे, दिवे विझवणे, दार लावणे ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळालेली आहे. तिच्याइतका साधा आणि उपयोगी गृहनियम आम्हाला दुसरा सापडला नाही.

अडगळ. फेंगशुईचा हा सल्ला सर्वांत मोलाचा. न चालणारे घड्याळ, तडा गेलेली ताटे, वर्षानुवर्षे न घातलेले कपडे घरात ठेवू नयेत. आम्ही दर वर्षी रमजानच्या आधी माळा रिकामा करतो. चांगले कपडे आणि भांडी गरजूंकडे जातात, मोडके भंगारवाल्याकडे. घर हलके होते आणि ईदच्या पाहुण्यांना बसायला जागा होते.

नमाजची जागा. लहान घरात वेगळी खोली शक्य नसते, पण किब्ल्याकडे तोंड असलेला एक कोपरा मोकळा ठेवता येतो. तिथे मुसल्ला, मुलांच्या हाताला येईल अशी पुस्तकांची फळी आणि खिडकीचा उजेड असला की मुले आपोआप तिथे येऊन बसतात. शीआनच्या अंगणांनी जे साधले, ते दोन चटयांच्या जागेतही थोडेसे साधते.

पाणी. गळका नळ म्हणजे गळणारे धन, असे फेंगशुई मानते. वाहत्या पाण्यावर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असे आपल्याला शिकवले आहे. दोन्ही वाटांनी माणूस प्लंबरकडेच पोचतो. वॉशर आजच बदला. कुलर, फुलदाणी, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचे भांडे यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडी घासून कोरडी करा. डासाचे अंडे ते उडणारा डास हा प्रवास आठ-दहा दिवसांचा असतो. आठवड्याचा नेम पाळला तर तो मध्येच तुटतो.

बाग. घरातली झाडे हवा शुद्ध करतात असे हल्ली फार ऐकू येते. १९८९ मध्ये नासाने बंद पेटीत झाडे ठेवून जे प्रयोग केले, त्यांवरून ही समजूत पसरली. पुढे संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसले की उघड्या खिडकीची बरोबरी करायला घरात जंगलच लावावे लागेल. म्हणून झाडे हवेसाठी नको, डोळ्यांसाठी, ताटासाठी आणि सावलीसाठी लावा. गॅलरीत पुदिना, कोथिंबीर, गवती चहा, कढीपत्ता. ऊन भरपूर असेल तर मोगरा आणि सब्जा. परसू असेल तर पश्चिमेला शेवगा किंवा आंबा, म्हणजे दुपारची सावली भिंतीवर पडेल. कुंपणाला मेंदी, म्हणजे धूळ अडेल आणि ईदला हात रंगतील. मोरीच्या पाण्यावर केळ. वळणावळणाची पाऊलवाट फेंगशुईला आवडते आणि आम्हालाही आवडते, कारण वाकडी वाट मोठ्या झाडांची मुळे न तोडता जाते. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो सदका ठरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला झाड लावायला आणखी कोणत्या भाग्याचे आमिष लागू नये.

खिडकी उघडली

खालाचे काय झाले ते सांगायचे राहिले. त्या भेटीनंतर आठवड्याभरात तिला दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टरांनी औषध लिहून देण्याआधी विचारले, "घरात हवा खेळती आहे का? फोडणीचा धूर कुठे जातो?" सून सोबत होती. तिने पहिल्यांदा तोंड उघडले आणि खिडकीचे सांगितले. घरी येताच मुलाने स्क्रू काढले. प्लायवूडच्या मागे भिंतीवर काळी बुरशी पसरली होती. ती घासून काढायला दोन दिवस लागले.

दुकानाचा हिशेबही त्याच आठवड्यात मांडला गेला. आम्ही वह्या घेऊन बसलो तेव्हा दिसले की लग्नाच्या दोन वर्षे आधीपासून उधारी वाढत होती. गिऱ्हाईकांकडे थकलेली रक्कम मोठी, आणि भाड्याची वाढ त्याहून जड. यातले काहीही खिडकीतून बाहेर गेलेले नव्हते आणि काहीही सुनेच्या पावलांनी आत आलेले नव्हते. खालाने वही बंद केली, बराच वेळ गप्प बसली आणि मग सुनेला हाक मारून म्हणाली, "इकडे बैस जरा माझ्याजवळ."

दुकानाची उधारी अजून पुरती फिटलेली नाही. खालाचा दमाही गेलेला नाही, तो जायचा आजार नव्हे. पण आता ती फज्रनंतर तस्बीह घेऊन त्या खिडकीशी बसते. खिडकीच्या कठड्यावर सुनेने पुदिना लावला आहे. लाल रिबिनीच्या बांबूचे तिने पाणी बदलले, रिबीन सोडली आणि तो मातीच्या कुंडीत लावला. झाड आहे बिचारे, त्याचा काय दोष, असे तिचे म्हणणे.

पुढच्या वेळी कोणी तुमच्या घराची दिशा चुकली आहे असे सांगितले, तर घाबरू नका. आधी खिडकी उघडा, नळ तपासा, वह्या पाहा आणि घरातल्या माणसांशी बोला. बरकत देणारा अल्लाह आहे.